मेखा मारलेली गिटार

दि. ४ फेब्रुवारी

ती. मामास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाहीस आणि या वेळी माझं हं-बरंवर भागणार नाही, म्हणून हे पत्र.

इथल्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात गिटारवाल्याची जागा निघाली आहे. कायमची जागा! अकरा वर्षं मी दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हातात पकडी-चिमटे देते आहे आणि सुट्टीच्या दिवशी ज्याचा गिटारवाला आजारी पडेल त्याच्याकडे बदली म्हणून वाजवते आहे. एकतिसावं लागलं. ही जागा गेली तर पुढची निघेपर्यंत माझीच दाढ हलायला लागलेली असेल. तेव्हा परवा चाचणीला किती जीव मुठीत धरून गेले असेन ते तूच समज.

आणि तिथे फजिती झाली. माझी जुनी गिटार मानेत मोडल्यापासून मी मैत्रिणीची वापरते. ती आतून पूर्ण पोकळ, घरात वाजवायला फार गोड. पण तिथे मागे ड्रम, शेजारी ट्रम्पेट. आवाज वाढवावा लागला आणि तिने जी शिट्टी धरली ती सोडेचना. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, ते थरथरणं पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतं, असं ते चक्र. वाद्यवृंदाचे मास्तर कानांत बोटं घालून उभे राहिले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण माणूस भला. म्हणाले की हात चांगला आहे, वाद्य इथल्या कामाचं नाही. अर्धपोकळ गिटार घेऊन पाच मार्चला पुन्हा या, तोवर जागा धरून ठेवतो, पुढे मात्र नाही. दुकानात तशा तीन आहेत. माझी शिल्लक एकीपुरतीच आहे, चुकले तर दुसरी घेता यायची नाही. लग्नाआधी तू दोन वर्षं गिटारीच्या कारखान्यात होतास असं आई सांगते. तू त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाहीस, पण लाकूड कळणारा आपल्या घरात दुसरा आहे कोण? कशी पारखू ते लिही.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे, आणि पत्र मात्र नेहमीपेक्षा लांब येऊ दे.

तुझी,
टिटवी


दि. ९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मामीने मोठ्याने वाचलं आणि शिट्टीपाशी आल्यावर तिला हसू आवरेना. टिटवीच्या हातात गेल्यावर गिटार ओरडणारच. वाण नाही पण गुण लागला.

आता नीट ऐक. अर्धपोकळ म्हणजे दोन्ही कुशी पोकळ आणि मधोमध, मानेपासून बुडापर्यंत, एक भरीव ठोकळा. पोकळीने आवाजाला ऊब येते आणि ठोकळ्याने पोट उगाच थरथरत नाही. सगळी कारागिरी त्या ठोकळ्याच्या बसण्यात. तो वरच्या आणि खालच्या फळीला अंगभर चिकटलेला हवा. फट राहिली की गिटार एक तर किरकिरते नाही तर शिट्टी मारते.

दुकानात शिरलीस की चकाकी बघू नकोस. पॉलिशखाली पुष्कळांची पापं झाकतात, माझीसुद्धा. गिटार मांडीवर घे आणि डावा हात सोडून दे. मान खाली गेली तर ती उचलून धरण्यात तुझा जन्म जाईल. मग मी फळीवरून टाकतो तशी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाक, पीळ असेल तर दिसतो. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजव. तू कंटाळू नकोस, दुकानदाराला कंटाळू दे. पोटावर बोटाच्या पेराने ठोक: मधे ठक्क, कुशीत ढब्ब. मधल्या जागी आवाज बदलला तर आत काहीतरी सुटलं आहे असं समज.

शेवटी आत बघ. पोटावर ती दोन वळणदार लांब भोकं असतात, त्यांतून नुसता डोळा पोचत नाही. तुमच्या दवाखान्यात दाढा बघायचा बारका आरसा असतो तो डॉक्टरीणबाईंकडून मागून घे. वापरून झाल्यावर उकळून ठेव म्हणजे झालं. आणि घाई करू नकोस.

कारखान्यात मी लाकूड कापत होतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझ्या आईला सांग, हात जपून काम कर. खुशाली कळवत राहा.

तुझा,
मामा


दि. १५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला, वर छोटी बॅटरीही दिली आणि पेशंट कोण आहे ते विचारलं. दुकानदाराने तर मी आरसा काढल्यावर खुर्चीच मागे सरकवली. त्याला वाटलं मी गिटारीची दाढ काढते आहे! पण तूच सांगितलंस, कंटाळू दे. दोन तास बसले. शेवटी त्याने चहा मागवला, आणि मलाही दिला.

पहिली लाल. दिसायला नवरीसारखी, पण मानेला पीळ आहे, तुझ्या पद्धतीने एका नजरेत दिसला. ती बाद.

दुसरी मधाच्या रंगाची. मामा, हिच्यावर माझा जीवच जडला. हलकी, मांडीवर शहाण्यासारखी राहते आणि आवाज असा की वाजवणं थांबवू नये. पण डाव्या भोकात बॅटरी धरली आणि उजव्या भोकात आरसा घातला, तर ठोकळ्याच्या वरून उजेडाची एक बारीक रेघ आरपार आली. म्हणजे फट. मला रडू यायचं बाकी होतं.

तिसरी तपकिरी, जुनी, कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. वजनाने दणकट. कोणी केली ते दुकानदारालाही माहीत नाही. कारखान्याचा कागद जिथे चिकटवतात ती जागा कोरी आहे. आवाज साधा, सरळ, फार लाघवी नाही. पण आत बघितलं तर ठोकळा असा बसलाय की उजेडाचा कणसुद्धा पलीकडे जात नाही. शिवाय एक गंमत आहे. ठोकळा आणि फळीच्या मधे जी पट्टी आहे, तिच्यातून गोल लाकडी मेखा मारल्या आहेत, एका बाजूला चार. गिटारीत मेखा असतात का? आणि तिथेच पेन्सिलीने काढलेला एक त्रिकोण आहे, त्याची एक बाजू बाहेर लांब गेलेली.

माझं मन मधाळ गिटारीकडे ओढतं आणि तुझं पत्र तपकिरीकडे. तूच सोडव हा गुंता. दुकानदाराने दहा दिवस दोन्ही ठेवतो म्हटलंय.

लवकर उत्तर दे, लोभाचं काय ते त्यात येईलच.

तुझी,
टिटवी


दि. १९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तपकिरी घेऊ नकोस. जुनी आहे, जड आहे, तुझा खांदा दुखेल. मेखा मारलेलं वाद्य कदाचित वाजायचं नाही. मधाच्या रंगाची घे. फट कुणाकडून तरी भरून घेता येईल.

इकडे सर्व ठीक.

मामा


दि. १९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
मामीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

यांच्या पाकिटाच्या पाठोपाठ माझं पाकीट येतंय. मी लिहिल्याचं यांना कळू देऊ नकोस. तुझं पत्र आल्यापासून यांचं कशात लक्ष नाही. काल एकाच कुंडीला तीनदा पाणी घातलं, रोप बिचारं तरंगायला लागलं.

ती गिटार यांच्या हातची आहे. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षीची गोष्ट. कारखान्यात यांना एकट्याच्या जबाबदारीवर सात गिटारी करायला दिल्या होत्या. नुसत्या सरसाने चिकटवायचं असं मालकांनी बजावलं होतं, यांनी कुणाला न सांगता आतून मेखा ठोकल्या. का ते मला आजवर कळलेलं नाही. तयार झाल्यावर मालकांनी सगळे कामगार गोळा केले, एक गिटार वाजवून दाखवली आणि म्हणाले की मी वाद्य मागितलं होतं, याने बाकडं केलं, यावर चौघं आरामात बसतील. सगळे खो खो हसले. सातांपैकी एकीवरही कारखान्याचा कागद लावू दिला नाही, भंगारासारख्या एकगठ्ठा विकून टाकल्या. यांनी त्याच दुपारी काम सोडलं आणि टेबलं-कपाटं करू लागले. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला हे आधी सांगितलं. मागाहून कळायला नको म्हणाले, जसा काही दरोडाच घातला होता.

तेव्हापासून घरात कुणी गिटार लावली की हे उठून अंगणात जातात. तुझं वाजवणं यांनी एकदाच ऐकलं, तेही दाराबाहेर उभं राहून.

मला वाद्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून एवढंच सांगते, यांना बरं वाटावं म्हणून ती घेऊ नकोस. तिच्यापायी तुझी जागा गेली तर हे आयुष्यभर स्वतःला खात बसतील. तुझे कान सांगतील ते कर.

जेवणखाण वेळेवर करत जा. तुझ्यावर आहे ती माया कागदावर मावत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
मामी


दि. २५ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. तपकिरी घेतली.

तुझं ऐकायचं म्हणून आधी मधाळच घ्यायला निघाले होते. पण तूच घाई करू नकोस म्हणाला होतास. दुकानदाराच्या हातापाया पडून दोन्ही गिटारी एका दुपारपुरत्या मागितल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला शब्द दिला, त्यांच्याकडे त्याची दोन दातांची टोपी अर्धवट राहिली आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही. नाटकगृहातला ड्रमवाला ओळखीचा झालाय. त्याला म्हटलं, तुला मारता येईल तेवढं मार.

मधाळ गिटारीने तिसऱ्या गाण्याला शिट्टी धरली. अगदी तीच, ओळखीची. आवाज कमी करावा तर ती ड्रमच्या खाली बुडून जाते. मग तुझ्या नावडतीला जोडलं. आवाज वाढवला, आणखी वाढवला, स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ती ढिम्म हलली नाही. आणि सूर कसे येतात सांगू? एकामागे एक, प्रत्येक आपापल्या जागी बसलेला, एकाचा पाय दुसऱ्यात नाही. एकटीने वाजवायला मधाळ जास्त गोड आहे, खोटं कशाला बोलू. पण मला एकटीने वाजवायचं नाही. आणि हो, जड आहे. संध्याकाळी खांदा दुखला, तिथे तुझं बरोबर.

आता दुसरं. लहानपणी मी रुसले की तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली जाऊन बसायची. डोक्यावर पेन्सिलीचा एक त्रिकोण असायचा, एक बाजू लांब. मी त्याला पतंग म्हणायची. दुकानात तो बघितला तेव्हा ओळखीचा वाटला पण आठवेना. तुझं पत्र वाचलं आणि लख्ख आठवलं. दारात कागद जाईल एवढी फट राहिली म्हणून गिऱ्हाइकाच्या घरून अख्खं कपाट परत आणणारा माझा मामा मला फट असलेली गिटार घे म्हणतो? आणि ‘कदाचित’ म्हणतो? तू जन्मात कधी कदाचित म्हणाला नाहीस.

मामा, ही तू केलीस ना? मग मला घेऊ नकोस का म्हणालास? चाचणी पाचला आहे. तोवर लिही. लोभ कमी झाला असेल तर तेही लिही.

तुझी,
टिटवी


दि. १ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

हो, मी केली.

तुझ्या आईच्या डाव्या मनगटाला बाक आहे तो तू बघितला आहेस. का ते कुणी सांगितलं नसेल. मी सतरा वर्षांचा होतो, ती चौदाची. मी माझं पहिलं स्टूल केलं होतं, नुसत्या सरसावर जोडलेलं, आणि घरभर मिरवत होतो. तिसऱ्या दिवशी ती त्यावर चढली आणि स्टूल मोडलं. हाड नीट जुळलं नाही. ती कधी मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. त्या दिवसापासून मी मेख मारल्याशिवाय दोन लाकडं जोडली नाहीत. कारखान्यात नको म्हणून सांगितलं तरी मारल्या. सरसावर सोडून द्यायला हात धजावला नाही.

हे वाद्य नाही, बाकडं आहे असं मालक सगळ्यांदेखत बोलले ते लागलं. पण खोटं नव्हतं. त्या गिटारी तेव्हा खरंच वाजत नव्हत्या, तारा छेडल्या की टेबलावर टकटक केल्यासारखा आवाज. म्हणून तुला नको म्हणालो. लाजही वाटली, ते कबूल करतो. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. माझ्या हातच्या वस्तूने एकदा तुझ्या आईचा हात मोडला, आता तिच्या मुलीचं काम मोडायला नको.

दुकानात ऐकलेलं आणि चाचणीत वाजलेलं यांत फरक पडतो. दुकानदार परत घेत असेल तर अजून वेळ आहे. घेत नसेल तर पट्टा रुंद लाव, चार बोटं तरी हवा, आणि उभं राहताना वजन डाव्या पायावर घे.

यापुढे सुचत नाही. सांभाळून.

मामा


दि. ६ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

जागा मिळाली!

आता सावकाश सांगते. तुझं पत्र काल सकाळी आलं, दोन तासांवर चाचणी. वाचलं, घडी केली आणि गिटारीच्या पेटीत ठेवलं. दुकानाकडे नाही वळले. पट्टा मात्र चार बोटं रुंद घेतला आणि वजन डाव्या पायावर घेतलं.

मास्तरांनी मला मुद्दाम ड्रमच्या शेजारी उभं केलं. सुरुवातीला त्यांची दोन्ही बोटं कानांपाशी तयारच होती. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांनी हात खाली घेतले आणि ताल द्यायला लागले. संपल्यावर म्हणाले की सोमवारपासून तालमीला या. मग गिटार हातात घेतली, पोटावर ठोकून बघितलं, अगदी तू करतोस तसं, आणि भोकातून आत बघत राहिले. कारखान्याचा कागद शोधत होते. मी म्हटलं की माझ्या मामाने केली आहे, बत्तीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ती वाजत नव्हती म्हणून कारखान्याच्या मालकांना पसंत पडली नाही. ते म्हणाले की नवं घट्ट लाकूड तेव्हा बोलत नाही, वर्षानुवर्षं वाजवून घेतलं की हळूहळू तोंड उघडतं, मालकाला थांबायला सवड नव्हती इतकंच. कुणीतरी ही खूप वाजवली आहे मामा, पडदे झिजलेत. कोण ते आपल्याला कधी कळायचं नाही.

घरी येऊन तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. विचारायला हवं होतं तुला, चुकलं. स्टुलापाशी आले तशी ती पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं रडते आहे. रडतही होती आणि हसतही होती. मग म्हणाली की स्टूल मोडून ती पडली नव्हती. माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढायला तिने स्टुलावर एक खोकं ठेवलं होतं आणि त्यावर चवड्यांवर उभी होती. खोकं सरकलं. ती आडवी स्टुलावर आदळली, म्हणून ते मोडलं. मार बसेल म्हणून आधी बोलली नाही, आणि तुला बोलणी बसल्यावर तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. तू ते विसरून गेला असशील असं ती बेचाळीस वर्षं समजत होती. मेखांचं तिला काहीच माहीत नव्हतं. कालपासून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. म्हणते की भावाला कोणत्या तोंडाने सांगू.

तुझा सरस पक्का होता, मामा.

आता माझा हट्ट. गिटारीच्या पोटातली ती कोरी जागा मला बघवत नाही. एका कागदावर तुझ्या हाताने काहीतरी लिहून पाठव. दुकानदार चिकटवून देतो म्हणालाय. आणि वीस तारखेला दुपारी पहिला प्रयोग आहे, दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. दाराबाहेर उभं राहून ऐकायचं नाही.

मामीला आधी सांग, मग कुंड्यांना पाणी घाल.

तुझी,
टिटवी


दि. ११ मार्च

चि. टिटवीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, मोठ्याने. आईचा भाग आल्यावर तुझ्या मामीने माझ्या हातातून घेऊन पुढचं वाचलं. मग मी खाली बसून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या मेखा मोजल्या. बावीस निघाल्या. सहांत काम झालं असतं.

कुंड्यांना एकदाच पाणी घातलं. आणि दाराबाहेरचं तुला कुणी सांगितलं ते मी विचारणार नाही, सांगणारी समोरच भाजी निवडते आहे.

तुझ्या आईला म्हणावं, फोन करू नकोस, मी येतोच आहे. बिस्किटांचा डबा घेऊन येतो आणि तो खालच्या फळीवर ठेवतो. पुढचं काय ते समोरासमोर बोलू.

कागदाचं बघितलं. काय लिहावं यावर दोन दिवस गेले. नाव घालावंसं वाटेना. शेवटी तो त्रिकोण काढला, एक बाजू लांब, आणि खाली लिहिलं, सातांतली एक. बाकीच्या सहा कुठे आहेत कोण जाणे. कुणी वाजवत असेल तर बरं.

दुकानदाराला मात्र हात लावू देऊ नकोस, मी स्वतः चिकटवीन. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पोचतो. ब्रश आणि सरसाची डबी पिशवीत भरून ठेवली आहे. मेखा घेतल्या का म्हणून तुझ्या मामीने विचारलं. तिला म्हटलं, नाही, नुसता सरस पुरेल.

भेटीत बाकीचं. तोवर लोभ तिकडे, जीव इकडे.

तुझा,
मामा